प्रकाशसंश्लेषण : तोडणं की जोडणं?

पंचवटीत राहणाऱ्या आठवीतल्या भाचीने विचारलंय : ‘मामा, पानात पाण्याची फोड होते असं बाईंनी शिकवलं. मग हे विश्लेषण झालं ना? नाव संश्लेषण कसं?’

प्रश्न बिनतोड आहे.

आधी शब्द बघू. मूळ धातू श्लिष्, म्हणजे बिलगणं, चिकटणं. मिठी तो आश्लेष. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की श्लेष अलंकार. आणि छातीत चिकटून बसणारा कफ म्हणजे श्लेष्मा. विश्लेषण म्हणजे सुटं करणं, संश्लेषण म्हणजे सुट्याचं एकत्र बांधणं. प्रकाशाने केलेलं संश्लेषण, असा हा तृतीया तत्पुरुष. म्हणून एकच शब्द, मध्ये जागा सोडायची नाही.

आता पानात काय होतं? हरितद्रव्य प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेवर पाणी फुटतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन या फोडीतून सुटलेला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. पाण्यातून मिळालेले इलेक्ट्रॉन आणि प्रकाशातून साठवलेली ऊर्जा वापरून पुढे कार्बन डायऑक्साइडची साखर बांधली जाते. या दुसऱ्या टप्प्याला प्रकाश थेट लागत नाही. गंमत अशी, की नावातला ‘प्रकाश’ तोडण्याच्या टप्प्यातला आणि ‘संश्लेषण’ जोडण्याच्या. भाचीला पहिलाच टप्पा दिसला, नाव ठेवणाऱ्याने शेवटचा पाहिला.

तो नाव ठेवणारा म्हणजे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बार्न्स. 1893 मध्ये त्याने ‘फोटोसिंटॅक्स’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ असे दोन शब्द सुचवले. त्याला स्वतःला पहिला आवडायचा, लोकांनी दुसरा उचलला. सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना; ते नाव टिकलं असतं तर आपल्या पाठ्यपुस्तकात काय आलं असतं कोण जाणे!

पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षबागेत मात्र एवढा जड शब्द कोण वापरतो? ढगाळ हवा आठवडाभर टिकली की ‘पानं काम करत नाहीत’ एवढं पुरतं. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे द्राक्ष मऊ पडू लागल्यावर, गोडी भरू लागते, ती साखर पानातलीच. पण पानातून ती सुक्रोजच्या, म्हणजे चहात घालतो त्याच साखरेच्या, रूपात घडापर्यंत येते, आणि मण्यात पोचली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे पुन्हा दोन तुकडे होतात. हे भाचीला अजून सांगितलेलं नाही.