पंचगिरी सोडून माइकसमोर बसताना

बॉक्सिंगचा रेफरी कॉमेंट्रीला बसला की पहिली चूक ठरलेली: तो रिंगमध्ये उभा असल्यासारखाच बोलतो. ‘स्टॉप’, ‘ब्रेक’, ‘बॉक्स’ हे रेफरीचे हुकूम तोंडात बसलेले, म्हणून वाक्यं तुटक येतात. यावर सराव एकच. इंदूरच्या रामबागेत असो वा सुदामानगरात, घरी जुन्या लढतीचा आवाज बंद कर, 3 मिनिटांची फेरी सलग बोल, मोबाइलवर रेकॉर्ड कर. विश्रांतीच्या मिनिटात 20 सेकंदांत फेरी सांगून टाक. मग ऐकताना ‘जबरदस्त’ किती वेळा आलं ते मोज.

तुझं खरं भांडवल म्हणजे नियम. हौशी बॉक्सिंगमध्ये रेफरी गुण देत नाही, रिंगभोवतीचे 5 जज देतात. फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9 किंवा कमी. प्रेक्षकांना हे ठाऊक नसतं. कॉशनने (नुसती समज) गुण जात नाही, वॉर्निंगने (अधिकृत ताकीद) जातो, हा फरक घडल्या क्षणी सांग. बॉक्सर पडला, आठपर्यंत मोजणी झाली, तरी फेरी आपोआप त्याच्या हातून जात नाही, हेही. निर्णय पटला नाही तर काय दिसलं ते सांग. सहकारी पंचाच्या हेतूवर बोलू नकोस.

माइक ओठांपासून चार बोटं, थोडा तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’ फुटतात.

आपल्या इंदुरी मराठीत हिंदी सहज शिरते, ती गोडच वाटते. पण ‘ठोसा’ म्हणालास तर मध्येच ‘मुक्का’ नको. जॅब, हुक, अपरकट ही ठोशांची नावं तशीच ठेव.

आणि ज्या स्पर्धेत पंचांच्या यादीत नाव आहे, तिथली कॉमेंट्री घेऊच नकोस.