रीफ टँकची (प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची) अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, सारखी उतरते, खायचा सोडा घातला तर चालेल का?

चालेल, पण आधी खप मोजा, म्हणजे रोज किती अल्कलिनिटी खर्च होते ते. दोन दिवस काहीही न घालता, रोज ठरलेल्या एकाच वेळेला टेस्ट घ्या. दोन दिवसांत ९ वरून ८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) झाली, तर रोजचा खप अर्धा डीकेएच. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे!). आरओच्या पाण्यात विरघळवून संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत), जोरदार प्रवाहात, हळूहळू ओता. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. ८ चांगली की ९, यावर लोक उगाच भांडतात; आकडा हलायला नको, एवढंच. चढउतारात अॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं आधी जळतात. कॅल्शियमचा डोस त्याच वेळी देऊ नका, दोन्ही मिळून पांढरा साका बसतो. तरीही उतरतच राहिली तर मॅग्नेशियम तपासा, १२५० पीपीएमच्या खाली गेलेलं असू शकतं.