दाखल्यावर सही करू नका

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. टोल पडला की कान दाबून वर्गाबाहेर पळतो, पण स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या वहीत लिहून काढतो. बाई म्हणतात, वर्गात एक अक्षर लिहीत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, 'दाखला घेऊन जा, जळगावला त्यांच्यासाठी वेगळी शाळा असते.' सासूबाई म्हणतात, 'पोऱ्याले नजर लागनी शे.' काय करू?
— एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, पहिलं सांगते, दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. 'पालकांच्या विनंतीवरून' असं एकदा कागदावर आलं की पुढचं सगळं भांडण तुमच्याच अंगावर येतं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं हे शाळेचं काम आहे, उपकार नव्हे. वेगळी शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. पण तिथे घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

आता अर्ज. मी तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका होते, एसटीने गावोगाव जायचे. 'माझ्या मुलाकडे लक्ष द्यावे' असे अर्ज ढिगाने पाहिले. त्यांचं काही होत नाही, कारण लक्ष म्हणजे नेमकं काय द्यायचं हे कुणालाच कळत नाही. तुम्ही मोजकं मागा : त्याची जागा दारापासून लांब, भिंतीकडे. दिवसभराच्या तासांची चित्रं बाकावर चिकटवलेली. सूचना एका वेळी एकच. टोल पडण्याआधी बाईंनी त्याला सांगायचं. चोपड्याकडच्या एका शाळेत असाच एक पोरगा होता. त्याच्या हातात मी टोलाचा दांडाच दिला. आपण मारलेला आवाज त्याला सोसायचा, दुसऱ्याचा नाही. महिनाभरात तो शाळेचा टोलवाला झाला, आणि शिपाई माझ्यावर रुसला!

शेवटच्या ओळीत गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं केंद्र) विशेष शिक्षकांची भेट मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली, तर तीच प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. तिथे भांडू नका. पोच मात्र घेतल्याशिवाय हलू नका.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर नोंदणी करून जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला जावं लागतं. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० किंवा जास्त आली तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क पक्का होतो. तिथे गर्दी, आवाज, थांबणं, सगळं त्याच्या नावडीचं असणार. वही-पेन्सिल सोबत ठेवा. आणि कार्ड येईपर्यंत शाळेतला अर्ज अडवून धरू नका.

सासूबाईंना नजर काढू द्या. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मिरच्यांचा ठसका त्याच्यापासून लांब असू द्या, अशा मुलांना वासही फार लागतात.

आणि ती पाट्यांची वही अर्जाला जोडा. लिहीत नाही म्हणतात ना? झेरॉक्स जोडा हं, मूळ वही त्याच्याकडेच राहू द्या.