हलगी की-बोर्डवर: एका ठोक्याने भागत नाही

प्रश्न: आमच्या मंडळात हलगी वाजवणारे काका आता थकलेत. त्यांचा एक ठोका मोबाईलवर रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला. मिडी की-बोर्डच्या वरच्या पट्ट्यांवर तो चिरका होतो आणि भरभर वाजवलं की यंत्रासारखा वाटतो. महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर: अजिबात नाही. स्फोर्झांडो किंवा डिसेंट सॅम्पलर फुकट मिळतात आणि या कामाला पुरून उरतात. अडचण आहे ती एकाच ठोक्याची. की-बोर्ड फक्त कळवतो, कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात (१ ते १२७). आवाज सॅम्पलर काढतो. हाताशी एकच ठोका असला की तो सगळ्या पट्ट्यांवर तोच ताणतो. १२ पट्ट्या वर गेलात की दुप्पट वेगाने वाजवतो. मग चिरका होणारच.

तेव्हा काकांना पुन्हा बोलवा, आणि लवकर बोलवा. हलगी शेकून घ्या. कातडं थंड पडत गेलं की सैल होतं, सूर उतरतो, आणि पहिला ठोका शेवटच्याशी जुळत नाही. म्हणून सगळं एकाच बैठकीत उरका, मध्ये पुन्हा शेका. पातळ लांब काठीचा ठोका वेगळा, आखूड जाड काठीचा वेगळा. प्रत्येक हळू, मध्यम, जोरात. आणि प्रत्येक जोराचे निदान चार. दोन ठोक्यांमध्ये आवाज पूर्ण विरू द्या. मोबाईल चालेल, पण हलगीपासून जरा लांब ठेवा, नाहीतर जोराचे ठोके फाटतील.

मग दोन्ही काठ्यांना शेजारशेजारच्या दोन पट्ट्या द्या. हळू ठोके १ ते ५०, मध्यम ५१ ते ९५, जोराचे त्यावर, असं वाटून घ्या. आकडे आपल्या हाताप्रमाणे बदला. एका जोराचे चारही ठोके राउंड रॉबिनमध्ये लावा, म्हणजे आळीपाळीने वाजतील आणि तो यंत्रासारखेपणा जाईल. ‘वन शॉट’ चालू करा, नाहीतर बोट उचललं की ठोका मध्येच तुटतो.

एक गोष्ट हमखास राहते: फाईलच्या सुरुवातीची शांतता. ती अगदी ठोक्यापर्यंत कापा. २० मिलिसेकंद राहिली तरी लय मागे पडल्यासारखी वाटते. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येऊ नये म्हणून विंडोजवर असिओ ड्रायव्हर (आवाज झटपट बाहेर काढणारं सॉफ्टवेअर) घ्या, आणि त्यातला बफर, म्हणजे वाजवण्याआधी किती आवाज साठवायचा तो आकडा, १२८ ठेवा. आवाज तडतडला तर २५६ करा.