इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स’ (विद्युतचुंबकीय क्षेत्रं) हा विषय आहे. ही सगळी गणितं पुढे कुठे लागतात?

घरात इंडक्शन शेगडी असेल तर तिच्यावर अॅल्युमिनियमचं पातेलं ठेवून बघा. बहुतेक शेगड्या नुसत्या ‘टीं टीं’ करतात. स्टीलच्या ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो, ते मात्र लगेच तापतं. हे का होतं, ते तुमच्या ‘स्किन डेप्थ’च्या, म्हणजे बदलता प्रवाह धातूच्या पृष्ठभागापासून किती खोल शिरतो त्याच्या, सूत्रात आहे.

शेगडीच्या कॉइलमधला प्रवाह सतत उलटसुलट होतो, सेकंदाला वीस-पंचवीस हजार आवर्तनं. बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात प्रवाह निर्माण करतं, या फॅरडेच्या नियमानुसार (१८३१) भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे ‘भोवरी प्रवाह’ तयार होतात. चुंबकीय स्टीलमध्ये ते पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात कोंडले जातात. तिथे रोध जास्त, म्हणून उष्णताही जास्त. अॅल्युमिनियममध्ये हाच थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, शिवाय धातूच उत्तम वाहक. मग तापणार काय, कपाळ?

५० हर्ट्झला तांब्यात हीच खोली ९ मिलिमीटरच्या आसपास येते. त्यामुळे घरच्या वायरिंगमध्ये तिचा विचार करावा लागत नाही, पण पॉवर स्टेशनच्या जाड बसबारमध्ये (मोठा प्रवाह वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) करावाच लागतो.

मोटर, ट्रान्सफॉर्मर, अँटेना सगळं इथूनच निघतं. आधी कर्ल (क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती फिरतं) आणि डायव्हर्जन्स (बिंदूतून किती बाहेर पसरतं) यांची चित्रं हाताने काढा, मग विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं. उलटं केलंत की नुसती घोकंपट्टी होते. मी तेच केलं होतं.