हॅलोविनला भोपळाच का कोरतात? हा सण मुळात अमेरिकेचाच आहे ना?

नाही हो, सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, आणि गंमत म्हणजे तिथे भोपळा नव्हताच, सलगम कोरायचे! हो, तोच भाजीतला कंद. आतून पोखरून, डोळे-दात कोरून त्यात निखारा नाहीतर मेणबत्ती ठेवायची. आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमची प्रतिकृती ठेवलीये, फोटो शोधून बघाच, भोपळा त्याच्यापुढे अगदी गोंडस वाटतो.

लोककथा अशी की जॅक नावाच्या बेरकी माणसाने सैतानालाच फसवलं, मग मेल्यावर त्याला ना स्वर्गात घेतलं ना नरकात, सैतानाने फक्त एक निखारा दिला, तो सलगममध्ये ठेवून बिचारा अजून भटकतोय, म्हणून त्या दिव्याला जॅक ओ लँटर्न म्हणतात. १९व्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तिथे भोपळे आयते मिळाले, मोठे आणि कोरायला कितीतरी सोपे, मग सलगम कोण घेऊन बसतंय!

सण मुळात तिथला साविन नावाचा जुना सण, म्हणजे सुगी संपून हिवाळा लागायची वेळ. १ नोव्हेंबरला ख्रिश्चनांचा सर्व संतांचा दिवस, त्याच्या आदली संध्याकाळ म्हणून नाव हॅलोविन (जुन्या इंग्रजीत हॅलो म्हणजे संत, ईन म्हणजे संध्याकाळ).

आणि भुताखेतांपेक्षा लग्नाचीच चौकशी जास्त असायची बरं का. आयर्लंडमध्ये बार्मब्रॅक नावाच्या मनुका घातलेल्या गोड ब्रेडमध्ये अंगठी लपवतात, जिच्या तुकड्यात ती येईल तिचं वर्षात लग्न. चिंधी आली तर गरिबी. स्कॉटलंडकडे मुली सफरचंदाची अख्खी साल खांद्यावरून मागे टाकायच्या, पडून जे अक्षर होईल ते म्हणे नवऱ्याच्या नावाचं.