रेंज गेली, खाते रिकामे झाले आणि कंपनी उत्तर देईना : सिम स्वॅपविषयी प्रश्नोत्तरे

ग्राहक आणि सायबर कायद्याविषयीच्या या सदराकडे सध्या एकाच स्वरूपाची पत्रे सतत येत आहेत. फोनची रेंज अचानक जाते, मोबाइल कंपनी टॉवरचे कारण सांगते आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घेतल्यावर कळते की खात्यातील रक्कम कोणीतरी काढून नेली आहे. आपल्या नावाचे खोटे किंवा चोरलेले ओळखपत्र दाखवून भलत्याच माणसाने आपल्या क्रमांकाचे नवे सिम चालू करून घेतलेले असते. जुने कार्ड त्याच क्षणी निकामी होते आणि बँकेचे संदेश नव्या कार्डावर जाऊ लागतात. यालाच सिम स्वॅप म्हणतात. या पत्रांत आढळणारा गोंधळही एकच आहे : कोणाकडे आधी जायचे आणि कोणाकडून काय लिहून घ्यायचे. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : सकाळपासून फोनला रेंज नाही. कस्टमर केअर ‘टॉवरचे काम चालू आहे, संध्याकाळपर्यंत थांबा’ असे सांगते. थांबावे का? (एक वाचक, सातारा)

थांबू नये. घरात किंवा शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन असेल तर त्याला रेंज आहे का, ते पाहावे. असेल तर टॉवरचे कारण टिकत नाही. मग दुसऱ्या फोनवरून आपल्याच क्रमांकावर फोन लावावा. पलीकडे घंटा वाजते आणि आपला फोन मात्र गप्प राहतो, असे झाले तर आपला क्रमांक दुसऱ्या कार्डावर गेला आहे असेच धरून चालावे. ‘फोन बंद आहे’ असे ऐकू आले, तरी निर्धास्त होऊ नये.

यानंतर बहुतेक जण कंपनीच्या गॅलरीकडे धावतात आणि टोकन घेऊन रांगेत बसतात. ही चूक सर्वांत महाग पडते. पहिला फोन बँकेला करावा आणि खात्यातून पैसे बाहेर जाण्याचे सर्व मार्ग, म्हणजे नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड, बंद करून घ्यावेत. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधू नये, कारण तेथे बँकांच्या नावाने खोटे क्रमांक टाकलेले असतात. पैसे गेले असतील तर दुसरा फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला करावा. तेथे नोंद झाली की रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला कळवले जाते आणि तेथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. ती रक्कम पुढच्या तीन-चार खात्यांत पांगली किंवा एटीएममधून निघाली की रोखण्यासारखे फारसे उरत नाही. गॅलरीत जाण्याची पाळी या दोन फोनांनंतरची आहे.

प्रश्न : मी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. बँकेतील अधिकारी म्हणतात, ‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत, म्हणजे तुम्हीच दिला.’ हे खरे आहे का? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

खरे नाही. ओटीपी आपल्या क्रमांकावर गेला आणि त्या वेळी आपला क्रमांक दुसऱ्याच्या हातातील कार्डावर चालू होता. आपण तो सांगण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र केवळ सिम हाती आल्याने खाते उघडत नाही, हेही लक्षात घ्यावे. नेट बँकिंगचा पासवर्ड लागतो, आणि यूपीआयचा पिन नव्याने बसवताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत विचारली जाते, किंवा आधारचा आधार घ्यावा लागतो. ही माहिती बहुधा आधीच कोठून तरी गेलेली असते : केवायसीच्या नावाने आलेली लिंक, वीजबिलाची धमकी किंवा व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका अथवा वाहनाचे चलन म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडताच फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. असे काही घडले असेल तर ते आपल्या वकिलापासून लपवू नये. ते नंतर बँकेच्या कागदातून बाहेर आले तर आपल्या खऱ्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : कंपनीने नवे सिम दिले, पण आधीचे कोणी, कोठून आणि कोणत्या कागदावर काढले, ते सांगत नाही. ‘सिस्टिममधून झाले आहे, पोलिसांचे पत्र आणा’ एवढेच उत्तर मिळते. आम्ही काय करावे? (लघुउद्योजक, इचलकरंजी)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण येथे जे हातचे जाते ते पुढे कोणत्याही न्यायालयात परत मिळत नाही.

पहिली गोष्ट गॅलरीतील अर्जाची. आपला क्रमांक पुन्हा चालू करून घेताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात सिम बदलण्याचे कारण विचारलेले असते. काउंटरवरील मुलगा घाईने ‘हरवले’ किंवा ‘खराब’ यावर खूण करतो आणि आपण सही करतो. त्या एका खुणेमुळे कंपनीच्या दप्तरी ही नेहमीची सिमबदली ठरते. तेथे स्वतःच्या हाताने लिहावे : ‘माझ्या संमतीशिवाय अमुक तारखेला माझ्या क्रमांकाचे सिम दुसऱ्यास देण्यात आले, म्हणून हे सिम घेत आहे.’ अर्ज मोबाइलवर किंवा टॅबवर भरला जात असेल तर हेच वाक्य त्याच वेळी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेलने पाठवावे. अर्जाचे छायाचित्र काढावे.

दुसरी गोष्ट तक्रारीची. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. कस्टमर केअरकडून तक्रार क्रमांक घ्यावा आणि लेखी पत्रात पुढील बाबी नेमक्या मागाव्यात : बदली सिमसाठी आलेला अर्ज, त्यासोबतचे ओळखपत्र व छायाचित्र, ज्या दुकानातून किंवा ज्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून ते सिम चालू झाले त्याचा तपशील, जुने कार्ड बंद झाल्याची आणि नवे चालू झाल्याची तारीख व वेळ मिनिटांसह, आणि बदलीची विनंती आल्यावर जुन्या कार्डावर सूचना पाठवली असल्यास तिची नोंद. कंपनी दुसऱ्याच्या खासगी माहितीचे कारण देऊन नकार देईल. तो नकारही लेखी घ्यावा. त्याच पत्रात हा सर्व पुरावा आणि दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी करावी. कॉलच्या नोंदी कंपन्यांना परवान्याच्या अटीनुसार दोन वर्षे ठेवाव्या लागतात, पण दुकानातील कॅमेऱ्याला तसा धरबंद नसतो. जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. महिनाभराने जागे झालेल्या ग्राहकाला तो चेहरा पुन्हा पाहायला मिळत नाही.

तिसरी गोष्ट मिनिटांची, आणि मला सर्वाधिक काळजी हिचीच वाटते, कारण जवळजवळ कोणीही तिकडे पाहत नाही. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की बदली सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येता-जाता कामा नये. हेतू हाच होता, की खरा ग्राहक जागा होईपर्यंत ओटीपी चोराच्या हाती पडू नये. आता बँकेकडून व्यवहाराच्या ओटीपीची वेळ आणि तो पोहोचल्याची नोंद मागवावी, आणि ती सिम चालू झाल्याच्या वेळेशेजारी ठेवावी. दोन्हींत २४ तासांपेक्षा कमी अंतर असेल आणि ओटीपी एसएमएसनेच पोहोचला असेल, तर ती बंदी का पाळली गेली नाही असा सरळ प्रश्न कंपनीपुढे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ‘पोलिसांकडे जा’ हे होऊ शकत नाही. ओटीपी फोन कॉलद्वारे दिला गेला असेल तर हा मुद्दा तसा लागू होत नाही. म्हणून निष्कर्षावर उडी मारण्याआधी दोन्ही नोंदी वकिलाला दाखवाव्यात.

तक्रारीचे समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही. ‘ट्रायला लिहा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण ट्राय ही दूरसंचार क्षेत्रासाठी नियम करणारी संस्था आहे. एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा ती करत नाही. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, ही दुसरी ऐकीव गोष्टही सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले की ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. आपली लघुउद्योगाची बाब असल्याने खाते व्यवसायाचे आहे का, यावर आक्षेप येऊ शकतो. तसे असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा मांडता येतो. राजस्थानात याच मार्गाने २०२१ मध्ये व्होडाफोन आयडियाला सुमारे साडेसत्तावीस लाख रुपये ग्राहकाला देण्याचा आदेश झाला. त्याच्या क्रमांकाचे दुसरे सिम पुरेशी पडताळणी न करता परक्या माणसाला दिले गेले होते. कोणता मार्ग धरायचा हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही मार्ग माहीत असलेल्या वकिलाला भेटावे.

प्रश्न : सिमला पिन लावून ठेवला तर हा प्रकार टळतो का? (विद्यार्थी, नांदेड)

नाही, पिन हातातल्या कार्डाला कुलूप लावतो, नव्याने काढलेल्या कार्डाला नाही.

प्रश्न : कंपनीचा इतका संताप आला आहे की आजच क्रमांक दुसरीकडे पोर्ट करायचा आहे. (गृहिणी, ठाणे)

आज होणारही नाही आणि करूही नये. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. सात दिवसांनंतरही वर सांगितलेली लेखी तक्रार आणि तिची पोहोच हाती आल्यावरच कंपनी सोडावी.

प्रश्न : बँकेने ‘तीन दिवसांत कळवले नाही, आता काही करता येणार नाही’ असे सांगून अर्जच घेतला नाही. मी पाचव्या दिवशी गेलो होतो. (शेतकरी, बारामती)

बँकेने आपल्याला अर्धवट नियम सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार पडतो, जो सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये ठेवला आहे. बँकेची स्वतःची चूक असेल तर तिला कळवण्यास उशीर झाला तरी भार ग्राहकावर येत नाही. दिवस मोजताना बँकेची सूचना मिळाली तो दिवस धरत नाहीत आणि आपल्या शाखेच्या सुट्ट्याही धरत नाहीत; त्यामुळे आपला ‘पाचवा’ दिवस प्रत्यक्षात तिसरा निघू शकतो. शिवाय सिमच बंद असताना बँकेची सूचना आपल्याला मिळाली केव्हा, हाही प्रश्न आहेच. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे.

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्यास सांगितले, आणि तेही बँकिंग लोकपालांनी ती तक्रार आधी फेटाळलेली असताना. अर्ज शाखेत पोहोच घेऊन द्यावा; घेत नसतील तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जावे. आपले खाते सहकारी बँकेत असेल तर तिला कोणता नियम लागू होतो, ते जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : ‘ई-सिम करून देतो, सिमच्या मागचा वीस अंकी क्रमांक सांगा’ असा कंपनीतून फोन आला. (वाचक, पणजी)

सांगू नये, फोन ठेवून स्वतः गॅलरीत जाऊन विचारावे.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. बँकेला जोडलेले सिम गावी आईच्या साध्या फोनमध्ये आहे. ते बंद पडल्याचे आम्हाला आठवड्याने कळले. (वाचक, मूळ गाव रत्नागिरी)

ही मांडणीच धोक्याची आहे, आणि परदेशी राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत ती दिसते. ज्या फोनकडे दिवसेंदिवस कोणी पाहत नाही, त्यावर सर्व बचत टांगून ठेवू नये. सिम स्वतःजवळ ठेवावे. रोमिंगवर एसएमएस मोफत येतात. व्यवहारांची सूचना ईमेलवरही मागून घ्यावी. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हेही तपासावे. चोरीशिवायही क्रमांक हातचा जातो.

१९३० हा क्रमांक परदेशातून लागेलच असे नाही, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि रत्नागिरीतील नातेवाइकाला तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात पाठवावे. ‘गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही’ असे उत्तर मिळाले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता खबर नोंदवून घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. बँकेची कागदपत्रे कुलमुखत्यारपत्राने हाताळायची असतील तर ते वकिलाकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : ‘गेलेली रक्कम वीस टक्क्यांवर परत मिळवून देतो’ अशी जाहिरात पाहून एकाला पाच हजार आगाऊ दिले. आता तो ‘खाते उघडायला’ आणखी मागतो. (वाचक, नागपूर)

एक रुपयाही देऊ नये. ज्यांचे पैसे गेले आहेत अशांच्या याद्या हातोहात फिरतात आणि दुसरी टोळी त्यांनाच गाठते. रोखलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलीस, बँक आणि गरज पडल्यास न्यायालयाचा आदेश लागतो. त्यात कोणा मध्यस्थाला स्थान नाही. या माणसाशी झालेले संदेश पुसू नयेत, त्याच्या खात्यात पैसे पाठवल्याची पावती जपावी आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक देऊन ही दुसरी फसवणूकही १९३० वर आजच नोंदवावी.